मनातलं कोर्टाला कसं कळतं? दिवाणी दाव्यातला ‘हेतू’

अबोली
दोन महिने एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. इथे कायद्याची माहिती असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारते.

मागच्या वर्षी आम्ही एक जुनं घर विकत घेतलं. रंगरंगोटी झालेली, बघताना सगळं नीट वाटलं. आतल्या खोलीत भिंतीला टेकून एक अवजड लाकडी कपाट होतं. विकणारे गृहस्थ म्हणाले, हलवायला त्रास, तुम्हीच ठेवून घ्या. आम्हाला तो चांगुलपणा वाटला. पहिल्याच पावसाळ्यात खोलीत कुबट वास यायला लागला. चौघांनी मिळून कपाट सरकवलं. मागच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीपासून जमिनीपर्यंत एक वेगळाच पट्टा. बाकी भिंतीचा रंग एक, तिथला जरा उजळ. नखाने खरवडलं तर पुट्टीचा जाड थर पापुद्र्यासारखा हातात आला आणि आत बोट जाईल एवढी भेग.

त्यांना फोन केला. उत्तर एकच: “आम्हाला काही कल्पनाच नव्हती. कपाट पहिल्यापासून तिथेच आहे.” आमचे वकील म्हणतात, फसवणुकीचा दावा करायचा तर त्यांना माहीत होतं आणि त्यांनी मुद्दाम लपवलं, हे दाखवावं लागेल.

समोरचा माणूस ‘मला माहीत नव्हतं’ म्हणत असताना त्याच्या मनात काय होतं हे न्यायाधीश ठरवतात तरी कसं?

शंकेखोर
ताई, वाईट वाटतं तुमच्यासाठी. पण खरं सांगू? ते ठरवता येत नाही. मन कुणी पाहिलंय? ‘माहीत नव्हतं’ या तीन अक्षरी… नव्हे, दोन शब्दी ढालीपुढे भलेभले दावे आपटलेत. दुरुस्ती करून घ्या आणि मोकळ्या व्हा.

कैफियत
शंकेखोर, इतक्या लवकर हात टेकू नका. मी दिवाणी बाजूलाच वकिली करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मन दिसत नाही हे खरं, पण त्यामुळे ते सिद्ध करता येत नाही असं कायदा मानत नाही. १८८५ साली इंग्लंडमध्ये एजिंग्टन विरुद्ध फिट्झमॉरिस नावाचा दावा झाला. कंपनीच्या संचालकांनी लोकांकडून कर्जाऊ पैसे घेताना माहितीपत्रकात लिहिलं की धंदा वाढवायचाय. खरं तर जुनी देणी भागवायची होती. बचाव असा की ‘आमचा इरादा’ ही काही वस्तुस्थिती नव्हे, त्यामुळे ते विधान खोटं ठरू शकत नाही. त्यावर न्यायमूर्ती बोवेन यांनी जे म्हटलं ते आजही शिकवलं जातं: माणसाच्या मनाची अवस्था ही त्याच्या पचनाच्या अवस्थेइतकीच वस्तुस्थिती आहे. ती शोधणं अवघड आहे, पण शोधता आली तर ती इतर कुठल्याही गोष्टीसारखीच एक गोष्ट.

आता शोधायची कशी? पोटातलं दुखणं डॉक्टर जसं लक्षणांवरून ओळखतात, तसंच. माणसाला आधी काय सांगितलं गेलं होतं, त्याने पुढे काय केलं, कधी केलं, काय टाळलं, त्यातून त्याचा फायदा काय झाला. आपल्या १८७२च्या पुरावा कायद्यात कलम १४ यासाठीच होतं. आता २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १२ आहे. त्यातलं कुत्र्याचं उदाहरण मला फार आवडतं. कुत्रा चावला म्हणून दावा लागलाय आणि मालकाला कुत्रा चावरा असल्याचं माहीत होतं असा आरोप आहे. अशा वेळी तो आधी आणखी तिघांना चावला होता आणि त्यांनी मालकाकडे तक्रार केली होती, ही गोष्ट पुराव्यात घेता येते. मालकाच्या मनात कुणीच डोकावत नाही. तीन तक्रारी कानावर गेल्या असतील तर ‘माहीत नव्हतं’ला कितीसा अर्थ उरतो?

त्याला लागून असलेल्या जुन्या कलम १५ मध्ये तर आणखी ठळक उदाहरण आहे. विम्याच्या पैशासाठी स्वतःचं घर जाळल्याचा आरोप. तो माणूस एकामागून एक घरांत राहिला, प्रत्येकाचा विमा उतरवला, प्रत्येकाला आग लागली, प्रत्येक वेळी वेगळ्या कंपनीकडून पैसे घेतले. एकदा झालं तर अपघात. दर वेळी तेच होत असेल तर तो योगायोग राहत नाही.

मीनल
छान समजावलंत. पण ‘हेतू’ म्हणजे नेमकं काय? नुकसान व्हावं अशी इच्छा? की नुकसान होईल हे माहीत असणं?

गणितवाला
मीनल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका पाच वर्षांच्या मुलाच्या खटल्यात आहे. गॅरट विरुद्ध डेली, अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य, १९५५.

मुलगा पाच वर्षं नऊ महिन्यांचा. अंगणातली खुर्ची त्याने उचलून बाजूला नेली आणि स्वतः बसला. तेवढ्यात एक बाई, संधिवाताने त्रस्त, नेमक्या त्याच जागी बसायला गेल्या आणि खाली पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. बाईंच्या बहिणीचं म्हणणं, त्याने मुद्दाम ओढली. खालच्या कोर्टाने मात्र मुलाच्या बाजूचं चित्र स्वीकारलं: त्याचा खोडीचा किंवा इजा करण्याचा इरादा नव्हता, उलट बाई बसतायत हे दिसल्यावर तो खुर्ची परत सरकवायला धावला. दावा फेटाळला.

वरच्या कोर्टाने प्रकरण परत पाठवलं आणि एकच प्रश्न विचारला. खुर्ची हलवली त्या क्षणी, बाई तिथे बसणार आहेत हे त्याला जवळजवळ नक्की माहीत होतं का? माहीत असेल तर इजा करायची इच्छा नसली तरी कायद्याच्या नजरेत तो हेतूच. फेरविचारात खालच्या न्यायाधीशांनी ठरवलं की माहीत होतं, आणि अकरा हजार डॉलरचा निकाल लागला. १९५६ मध्ये तो कायम झाला.

म्हणजे हेतूला दोन दारं आहेत. परिणाम हवा असणं हे एक. परिणाम होणारच हे ठाऊक असूनही कृती करणं हे दुसरं. नुसता धोका दिसत असताना बेफिकीर राहणं याला निष्काळजीपणा म्हणतात. तो वेगळा.

मीनल
पाच वर्षांच्या मुलावर?! मला हे पटत नाही. माझा मुलगा साडेपाचचा आहे. समोरचा पेला पडेल की नाही हे त्याला कळत नाही.

गणितवाला
म्हणूनच कोर्टाने वय बाजूला टाकलं नाही. या वयाच्या आणि एवढा अनुभव असलेल्या मुलाला काय कळू शकतं, हे विचारात घ्या असंच सांगितलं. वयाने आपोआप सूट मिळत नाही, पण त्याला काय माहीत होतं हे ठरवताना वय मोजलं जातं.

रानवाट
याच्याच उलट बाजूचं एक: रॅन्सन विरुद्ध किटनर, १८८९, इलिनॉय. लांडग्यांच्या शिकारीला गेलेल्यांनी लांडगा समजून गोळी घातली, निघाला दुसऱ्या कुणाचा तरी कुत्रा. दिसायलाही तो लांडग्यासारखाच. मनात काडीचं पाप नव्हतं. तरी भरपाई द्यावी लागली, कारण समोरच्या प्राण्याला मारायचं हा हेतू होताच. ओळखण्यातली चूक प्रामाणिक असली तरी ती त्यांची.

कुत्रे पाळणारी म्हणून मला हा निकाल मनापासून आवडतो.

शंकेखोर
म्हणजे हेतू वेगळा आणि दुष्टावा वेगळा? मी आजवर दोन्ही एकच समजत होतो.

जुनीफाईल
वेगळाच. आणि दुष्टावा उघड असूनही कधी कधी काही उपयोग होत नाही. इंग्लंडमधला ब्रॅडफर्ड विरुद्ध पिकल्स, १८९५. नगरपालिकेचा पाणीपुरवठा ज्या झऱ्यांवर होता त्यांचं पाणी एका माणसाच्या जमिनीखालून झिरपत यायचं. त्याने स्वतःच्या जमिनीत खणायला सुरुवात केली. पालिकेचं म्हणणं, याला पाणी तोडून आम्हाला जमीन विकत घ्यायला भाग पाडायचंय. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं, असेल तसं. जी कृती चांगल्या मनाने केली तर कायदेशीर, ती वाईट मनाने केली म्हणून बेकायदेशीर होत नाही.

स्वरा
जुनीफाईल, तुम्ही अर्धीच बाजू सांगितलीत. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९३ मध्ये, क्रिस्टी विरुद्ध डेव्ही. एका घरात संगीताच्या शिकवण्या चालायच्या. शेजाऱ्याला त्याचा त्रास. मग शिकवणी सुरू झाली की तो सामाईक भिंतीवर ठोकायचा, ट्रे बडवायचा, शिट्ट्या मारायचा, किंचाळायचा. इथे न्यायाधीशांनी हेतूकडेच बोट दाखवलं. निव्वळ त्रास द्यायला केलेला आवाज म्हणून मनाई हुकूम दिला.

आणि १९३६चा कोल्ह्यांचा खटला. चंदेरी कोल्हे पाळणारा एक जण, आणि शेजारी ज्याला वाटायचं की त्याने लावलेल्या कोल्हेपालनाच्या पाटीमुळे आपले भूखंड विकले जाणार नाहीत. विणीच्या हंगामात कोल्ह्यांच्या माद्या आवाजाने बिथरतात. त्याने मुलाला हद्दीवर जाऊन बंदुकीचे बार काढायला सांगितलं. जमीन स्वतःची, बंदूक स्वतःची. तरी तो हरला. शेजाऱ्याच्या उपद्रवाच्या दाव्यात मनातला कडवटपणा मोजला जातो.

मी स्वतः गाणं शिकवते, त्यामुळे क्रिस्टीबाईंच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलंय. आवाज किती होता यापेक्षा तो कुठल्या वेळी सुरू व्हायचा हे महत्त्वाचं. आमच्या वरच्या मजल्यावरची ठोकाठोकी बरोबर चार वाजता सुरू व्हायची, पहिल्या षड्जाबरोबर. सुट्टीच्या दिवशी शांतता. मी वहीत तारखा आणि वेळा लिहीत गेले. प्रकरण कोर्टात गेलं नाही, पण वही समोर ठेवल्यावर समोरच्यांना ‘फर्निचरचं काम चालू होतं’ असं म्हणता आलं नाही.

जुनीफाईल
स्वराताई, मान्य. माझं विधान सरसकट झालं. आणि ती वही हे या अख्ख्या धाग्याचं उत्तर आहे असं मला वाटतं.

पारिजात
अवांतर होईल, पण थट्टेबद्दल कुणी बोललं नाही. माझ्या आजोबांना एकाने गंमत म्हणून फोन करून तुमच्या मुलाला अपघात झालाय असं सांगितलं होतं. बाबा संध्याकाळी नेहमीसारखे घरी आले. आजोबा दारातच बसून होते, एका पायात चप्पल, दुसरी हातात. त्यानंतर कित्येक महिने फोन वाजला की त्यांचे हात थरथरायचे. तो माणूस शेवटपर्यंत म्हणत राहिला, “माझा तसा हेतू नव्हता.”

कैफियत
पारिजात, वाचून वाईट वाटलं. हुबेहूब अशीच एक केस आहे, १८९७ची विल्किन्सन विरुद्ध डाउन्टन. एका बाईंना कुणीतरी थट्टेने सांगितलं की तुमच्या नवऱ्याचे दोन्ही पाय मोडलेत, गाडी आणि उशा घेऊन या. त्या धक्क्याने बाई आजारी पडल्या, आठवडेच्या आठवडे. तो म्हणाला, थट्टा होती. न्यायमूर्ती राइट म्हणाले, अशा बातमीने कुणाही सामान्य माणसाला गंभीर धक्का बसणारच, त्यामुळे तो हेतू त्याच्यावर आरोपित करता येतो. शंभर पौंड भरपाई मिळाली.

ही ‘आरोपित हेतू’ची कल्पना पुढे टिकली नाही. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हेतू वस्तुस्थितीवरून अनुमानाने काढा, हवं तर परिणाम इतका उघड होता यावरूनच काढा, पण कायद्याने तो आपोआप चिकटवू नका. मला हे बरोबर वाटतं. तुमच्या आजोबांच्या बाबतीत अनुमान काढायला मात्र फार वेळ लागला नसता.

शंकेखोर
ठीक. अनुमानाचं समजलं. पण किती खात्री हवी? फौजदारीसारखी ‘वाजवी संशयापलीकडे’?

गणितवाला
नाही. दिवाणीत शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते बघतात. एक बाजू दुसरीपेक्षा अधिक संभवनीय, एवढं पुरे.

कैफियत
तत्त्व बरोबर, पण फसवणुकीत इतकं सरळ नाही. सत्तरच्या दशकात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चतुरभाई पटेल प्रकरणात म्हटलं होतं की फसवणूक, दावा दिवाणी असो की फौजदारी, वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाली पाहिजे. समोरचे वकील हा निकाल हमखास पुढे ठेवतात.

इंग्लंडमध्ये उलट. तिथे दिवाणीत मोजमाप एकच, पण तिथले न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांनी २००१ मध्ये दिलेलं उदाहरण लक्षात ठेवा. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये चालत जाणारा प्राणी अल्सेशियन कुत्रा होता हे पटायला थोडा पुरावा पुरतो. तो प्राणी सिंहीण होती हे पटवायचं असेल तर जास्त भक्कम पुरावा लागतो. पारडं तेच, पण सिंहीण मुळातच दुर्मीळ. बहुतेक माणसं ठरवून फसवत नाहीत, म्हणून ठरवून फसवलं म्हणणाऱ्याने जास्त वजन टाकायचं.

शंकेखोर
मग माझं पहिलं म्हणणं बरोबरच की. अबोलीताईंचं कपाट म्हणजे सिंहीण.

बेंचसमोर
मी नोकरीभर कोर्टात लिपिक होतो. कायद्याची पदवी नाही, पण हजारो साक्षी कानावरून गेल्यात. एक सांगतो.

लोकांना वाटतं न्यायाधीश साक्षीदाराचा चेहरा वाचतात. घाम फुटला, अडखळला, म्हणजे खोटा. मी पाहिलेले बहुतेक न्यायाधीश चेहऱ्याकडे कमी आणि कागदाकडे जास्त बघायचे. खरा माणूसही पिंजऱ्यात अडखळतो, आणि सराईत खोटारडा शांतपणे पाणी पितो. एकदा एक गृहस्थ तासभर सांगत होते की नोटीस मिळालीच नाही. आवाज ठाम, डोळे पाणावलेले. साहेबांनी फक्त पोचपावती मागून घेतली, सहीवर पेन्सिलीचं टोक ठेवलं आणि ती त्यांच्यासमोर धरली. गृहस्थ गप्प. त्या दिवशी मला कळलं की हेतू बहुतेक वेळा तारखांमध्ये सापडतो.

आणि स्मरणशक्ती हीसुद्धा बेभरवशाची. प्रामाणिक माणूसही आठवताना स्वतःच्या बाजूने आठवतो.

स्वरा
काका, हे शंभर टक्के. २०१३ मध्ये इंग्लंडच्या न्यायमूर्ती लेगॅट यांनी गेस्टमिन प्रकरणात अगदी हेच लिहिलं. व्यापारी वादात साक्षीदाराच्या आठवणींवर कमीत कमी विसंबावं आणि त्या काळातल्या कागदपत्रांवरून, सिद्ध झालेल्या गोष्टींवरून निष्कर्ष काढावा.

तटस्थ
सगळे एकाच दिशेने चाललेत म्हणून थोडं उलट लिहितो. मी स्वतः घर विकलंय आणि नंतर त्यात दोष निघाला. मला खरोखर ठाऊक नव्हतं. वर्षभर मी खोटारडा असल्यासारखं ऐकून घेतलं. जिन्यात ओळखीची माणसं मान वळवायची. ‘माहीत नव्हतं’ हे कधी कधी खरंही असतं, आणि खरं असताना सिद्ध करणं महाकठीण. न बघितलेल्या गोष्टीची पावती कुठून आणायची?

अबोली
तटस्थ, तुमचं वाचून मी थांबले. मी रागात हा विचार केलाच नव्हता. त्यांनाही खरंच माहीत नसेल तर?

कैफियत
कायद्याने या प्रश्नाची फार काळजी घेतली आहे. डेरी विरुद्ध पीक, १८८९. ट्राम कंपनीच्या संचालकांनी माहितीपत्रकात छापलं की आम्हाला वाफेवर ट्राम चालवायचा हक्क आहे. त्यासाठी सरकारी मंडळाची संमती लागायची. ती मिळेलच असं त्यांनी गृहीत धरलं, आणि ती नाकारली गेली. गुंतवणूकदार बुडाले. तरी संचालक सुटले, कारण त्यांचा विश्वास प्रामाणिक होता. फसवणूक केव्हा? खोटं माहीत असून सांगितलं, किंवा खरं असल्याचा विश्वास नसताना सांगितलं, किंवा खरं-खोटं काय याची पर्वाच न करता सांगितलं, तेव्हा. नुसता गाफीलपणा म्हणजे फसवणूक नव्हे.

म्हणून तटस्थसारख्या माणसाला संरक्षण आहे. पण ‘पर्वाच न करता’ हे शब्दही विसरू नका. बघितलं तर दिसेल म्हणून जो मुद्दाम बघत नाही, त्याला ती ढाल मिळत नाही.

रानवाट
अबोली, घर विक्रीला काढलं तेव्हा त्यांनी फोटो टाकले असतील ना? जुन्या जाहिराती शोधून बघा.

अबोली
चार दिवसांनी येतेय. रानवाट, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आम्हाला पाठवलेल्या फोटोंमध्ये कपाट त्या भिंतीला आहे. पण आमच्या आधी एक जण घर बघून गेले होते. त्यांच्याकडे पाच महिने आधीचे फोटो निघाले. त्यात तेच कपाट समोरच्या भिंतीला, खिडकीशेजारी. आणि आमची ती भिंत उघडी, कोपऱ्यात नकाशासारखा ओलीचा डाग. आता नीट पाहिलं तर खिडकीशेजारी फरशीवर कपाटाच्या चार पायांचे फिकट चौकोन अजून आहेत. मी रोज त्यावरून चालत होते.

ते आधी घर बघून गेलेले गृहस्थ म्हणाले, मी तेव्हाच विचारलं होतं, भिंत ओली कशी?

शंकेखोर
माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. पण विरुद्ध बाजू मांडतोच, कारण कुणीतरी मांडणारच. रंगकाम करताना रंगाऱ्याने कपाट हलवलं आणि तिथेच राहिलं असेल. पुट्टी त्याने स्वतःहून भरली असेल.

कैफियत
शंकेखोर, हाच प्रश्न उलटतपासणीत येईल, बरं झालं आत्ताच आला. पण मालक ‘कपाट पहिल्यापासून तिथेच’ असं म्हणालेत. ते वाक्य त्यांनी कशाला उच्चारावं? लेखी स्वरूपात कुठे आहे का ते बघा.

अबोलीताई, काही गोष्टी तुमच्या वकिलांशी बोलून घ्या. करार कायद्याच्या कलम १७ मध्ये, माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे दडवणं हीसुद्धा फसवणूकच आहे. नुसत्या मौनाचा मामला असेल तर तुम्ही साधी काळजी घेतली असती तर कळलं असतं का हे विचारलं जातं. कपाट हलवून ठेवणं हे मौन नव्हे. दाव्यात ‘फसवलं’ एवढंच लिहून भागत नाही. केव्हा, कसं, काय दडवलं याचा तपशील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम ४ प्रमाणे द्यावा लागतो. फोटो मूळ फोनमध्ये तसेच ठेवा, त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. पाहणीसाठी कोर्टाकडून आयुक्त नेमून घेता येतो, तोवर भिंतीला हात लावू नका.

आणि हेतू सिद्ध झाला नाही तरी सगळं संपत नाही. आपल्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष विक्रेत्याने सांगायलाच हवा, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं. तिथे कपट नाही, फक्त माहिती होती एवढं दाखवावं लागतं. ‘भिंत ओली कशी’ हा प्रश्न त्यांच्या कानावर पडला होता, ते सांगणारा साक्षीदार तुमच्याकडे आहे. कुत्रा आधी चावला होता आणि तक्रारही झाली होती.

बेंचसमोर
त्या गृहस्थांना साक्षीला यायची तयारी आहे का हे आधी विचारा. लोक फोनवर सगळं सांगतात, समन्स गेलं की आजारी पडतात.

तटस्थ
फोटो पाहून माझं मत बदललं. माझ्या घराच्या वेळी असं काही कुणी दाखवलं असतं तर मी स्वतःच मान खाली घातली असती.

अबोली
विचारलं, येणार म्हणाले. त्यांच्या बायकोने तर फोन घेऊन सांगितलं, “मी पण येते, प्रश्न मीच विचारला होता.”

रंगाऱ्याचा पत्ता लागलाय. उद्या वकिलांसोबत त्याला भेटायला जातेय. ‘पहिल्यापासून तिथेच’ हे घर विकणाऱ्यांनी मला संदेशातही लिहिलंय, तारखेसकट. कपाट सरकवलं तिथेच आहे आणि भिंत जशी निघाली तशीच ठेवलीये. काय होतं ते इथे लिहीन.